धाव

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात दिघोरी म्हणून जे गाव आहे, तेथे काय किंवा झाडीपट्टीतल्या दुसऱ्या कोणत्याही भाताच्या गावी काय, बंडीचे चाक वाढयाच्या हातून लोहाराच्या हाती ज्या घटकेस जाते, ती घटका पाहण्यासारखी असते. तुंबा, आरे आणि पुठ्ठे यांची जुळणी करून वाढई मोकळा झालेला असतो. चाक दिसावयास पूर्ण, पण चालावयास निरुपयोगी असे जमिनीवर आडवे पडलेले असते. आणि शेजारी गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटीत लोखंडाचे एक कडे लाल होत असते. हे कडे चाकाच्या घेरापेक्षा मुद्दामच अंमळ तोकडे केलेले असते. तापून ते फुगले की तिघे-चौघे ते सांडशांनी उचलून लाकडावर बसवितात, घणाचे टोले पडतात, लाकूड करपून धुराचा लोट उठतो, आणि त्याच क्षणी बादल्यांनी पाणी ओतले जाते. चर्र असा आवाज होऊन लोखंड आक्रसते, आणि त्या आकुंचनाबरोबर आऱ्यांचे सगळे सांधे करकरून आतल्या आत आवळले जातात. या कड्यास आपण ‘धाव’ म्हणतो.

शब्द साधा आहे, पण त्यात आपल्या भाषेने केलेला एक निवाडा आहे. धावण्याचे कर्तृत्व तिने बैलास दिले नाही, गाडीवानास दिले नाही, आखासही दिले नाही. जमिनीस टेकणाऱ्या त्या अरुंद पट्टीस ते तिने बहाल केले. गाडीवानासही या निवाड्याची जाणीव असते. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल पडली की तो बंडी तलावाच्या काठाशी पाण्यात उभी करून ठेवतो, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. आणि बाजारास किंवा शंकरपटास, म्हणजे बैलांच्या शर्यतीस, निघावयाचे असेल तर हा थांबण्याचा काळ तो आधीच हिशेबात धरतो. मोटारींच्या शर्यतीचा इतिहास लिहिणारांनी मात्र हा हिशेब बहुधा विसरून एंजिनाचे अश्वबल आणि चालकाचे धैर्य यांचीच बखर लिहिली आहे. वस्तुतः ज्या शर्यतीपासून ‘ग्राँ प्री’ हे नाव जगात रूढ झाले, ती 1906 सालची पहिली शर्यत धावण्याइतकीच थांबण्यावर लढली गेली. आणि थांबण्याचा काळ आखूड कसा करावा याचा ध्यास पंधरा वर्षे घेऊन बसलेला माणूस मोटारी करणारा नव्हता, शर्यती धावणाराही नव्हता, तर चाकावर रबराची धाव चढविणारा एक कारखानदार होता.

फ्रान्सच्या मध्यभागी, ओव्हेर्न्य नावाच्या मृतज्वालामुखींच्या डोंगराळ प्रांतात, क्लेरमाँ-फेराँ हे शहर आहे. तेथे बार्बिये आणि दोब्रे या भागीदारांचा शेतीची अवजारे आणि रबराचे किरकोळ जिन्नस करणारा एक जुना कारखाना होता. त्यात रबर शिरले ते घरातल्या सुनेच्या पावलांनी. दोब्रे याची पत्नी ही जलाभेद्य कापड शोधणाऱ्या मॅकिंटॉशच्या नात्यातली. तिने मुलांना खेळावयास रबराचे चेंडू करून दिले आणि ते चेंडू पुढे कारखान्याचा माल झाले. 1889 च्या सुमारास हा कारखाना डबघाईस आला, तेव्हा बार्बिये याच्या दोन नातवांनी तो हाती घेतला. थोरला आंद्रे मिशेलिन हा पॅरिसमधला अभियंता. धाकटा एदुआर हा चित्रकला शिकलेला, रंगाची पाटी हातची सोडून जमाखर्चाच्या वह्यांकडे वळलेला. त्याच वर्षी 28 मे रोजी ‘मिशेलिन आणि कंपनी’ ही संस्था कायद्याने अस्तित्वात आली, आणि व्यवस्थापनाचा सगळा भार या चित्रकारावर पडला. व्यवहारचतुर वडीलधाऱ्यांनी त्या वेळी काय भाकिते केली असतील, ती कोणाही मराठी कुटुंबवत्सल माणसास सहज कल्पिता येतील.

यापुढची कथा कारखान्यात परंपरेने सांगितली जाते. एक सायकलस्वार मोडक्या सायकलीसह या कारखान्याच्या दारात आला, तो म्हणे बैलगाडीत बसून आला. त्याच्या चाकास आयर्लंडातल्या डनलॉपने प्रचारात आणलेली हवेची धाव होती. ती फुटली होती, आणि मुळात चाकाच्या लाकडी कड्यास ती सरसाने चिकटविलेली असल्यामुळे सोडवून दुरुस्त करण्यास तीन तास लागले व पुन्हा चिकटवून वाळण्यास सारी रात्र गेली. सकाळी एदुआरने कारखान्याच्या आवारात ती सायकल स्वतः चालवून पाहिली. काही शे मीटरांतच हवा पुन्हा गेली; पण तेवढ्या अंतरात त्यास दोन गोष्टी कळून चुकल्या. एक, हवेवर चालण्यात जे सुख आहे ते माणूस एकदा अनुभवल्यावर सोडणार नाही. दुसरी, ज्या चाकाची दुरुस्ती रात्रभर चालते ते चाक कोणी विकत घेणार नाही. हवेचा शोध दुसऱ्याचा होता. यांनी फक्त ती धाव काढता-घालता यावी एवढीच खटपट केली आणि 1891 साली त्याची सनद मिळविली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत आणि परत अशा सुमारे बाराशे किलोमीटरच्या सायकल शर्यतीत शार्ल तेरों हा त्यांच्या धावांवर बसून कित्येक तासांच्या फरकाने पहिला आला. पुढच्या वर्षी पॅरिस ते क्लेरमाँ अशी शर्यत बंधूंनी स्वतःच भरविली, आणि आपली धाव किती झटपट दुरुस्त होते हे लोकांस पटावे म्हणून वाटेवर खिळे पसरून ठेविले, असे सांगतात. स्वतःच्याच मालात खिळे रुतविणाऱ्या व्यापाऱ्याच्या या धिटाईस धूर्तपणा म्हणावे की निष्ठा, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवितो. मला स्वतःला ती निष्ठाच वाटते.

सायकल जिंकली, पण मोटार बधेना. टनभर वजनाची गाडी हवेच्या पिशवीवर पळेल हे त्या काळच्या जाणत्यांस वेडगळपणाचे वाटे, आणि गाडी करणारा एकही मालक आपल्या गाडीस ही धाव लावून शर्यतीत उतरण्यास राजी होईना. तेव्हा 1895 च्या जूनमध्ये पॅरिस–बोर्दो–पॅरिस या सुमारे 1,180 किलोमीटरच्या शर्यतीत दोघे बंधू स्वतःच गाडी घेऊन उतरले. गाडीचे नाव ‘एक्लेर’, म्हणजे वीज. नाव वेगावरून पडले नव्हते, रस्त्यावर ती विजेसारखी नागमोडी जाई म्हणून पडले होते. वाटेत त्यांच्या बावीस नळ्या फुटल्या. दर थांब्यास चाक सोडवायचे, नळी बदलायची, हातपंपाने हवा भरायची, आणि पुन्हा निघायचे. असे करीत ते शंभर तासांची मुदत उलटून गेल्यावर पॅरिसला पोहोचले. भरीव धावांवर आलेल्या लेव्हासोरने तेच अंतर 48 तास 48 मिनिटांत काटले होते, आणि पंचांच्या दप्तरी मिशेलिन बंधूंची नोंद करण्याजोगे काही नव्हते. परंतु ज्यांनी ती गाडी वाटेत धावताना पाहिली, त्यांच्या ध्यानात राहिले ते तिचे थांबणे नव्हे. थोड्याच वर्षांत भरीव धावा शर्यतीतून हद्दपार झाल्या. 1899 च्या एप्रिलात बेल्जियमच्या कामीय झेनात्सीने विजेच्या गाडीतून ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा माणसाच्या इतिहासात प्रथम ओलांडली, तीही मिशेलिनच्याच धावांवर.

याच सुमारास कंपनीच्या जाहिरातीत एकावर एक धावा रचून केलेला तो लठ्ठ पुरुष आला. त्याच्या पहिल्या भित्तिपत्रकावर लॅटिन भाषेत ‘आता प्यावे’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि तो खिळे व काचा यांनी भरलेला पेला उचलताना दाखविला होता, कारण कंपनीची धाव वाटेतले अडथळे पिऊन टाकते असे सुचवावयाचे होते. 1898 च्या एका शर्यतीत आंद्रेला येताना पाहून लेओं तेरी नावाचा चालक त्या लॅटिन वचनातला शेवटचा शब्द घेऊन ‘हा पाहा बिबेंडम!’ असे ओरडला, आणि ते नाव चित्रास कायमचे चिकटले. चित्रातला पुरुष पांढरा आहे याचे कारण एवढेच की धावेचे रबर त्या काळी फिकट असे. त्यात काजळी मिसळून ते काळे व टिकाऊ करण्याची रीत पुढली आहे.

त्या धावा इतक्या का फुटत, हे समजून घेतल्यावाचून पुढचा प्रसंग कळावयाचा नाही. धावेचे अंग सुती कापडाच्या थरांचे असे. आडवे-उभे विणलेले ते धागे गाडीच्या भाराखाली एकमेकांवर घासत, त्या घर्षणाने तापत आणि तापून तुटत. वर रबराची पातळ साल. रस्ते घोडागाड्यांचे, म्हणजे नालांच्या खिळ्यांनी पेरलेले. गाडी हजार किलो वजनाची, आणि तिचे एंजिन असे की आजच्या मालवाहू ट्रकासही लाजवील. शिवाय रबर हा जिन्नसच त्या काळी मुख्यत्वे जंगलचा होता. ॲमेझॉनच्या आणि काँगोच्या अरण्यातून तो येई, आणि काँगोत बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या मक्त्याखाली तो कोणत्या जुलमाने गोळा होई हे 1904 साली रॉजर केसमेंट यांच्या अहवालाने जगापुढे आले होते. शर्यतीच्या वर्णनांत या गोष्टीचा उल्लेख क्वचितच सापडतो. येथे तो करून ठेवणे मला आवश्यक वाटले.

आता ग्राँ प्री. त्यापूर्वी देशादेशांत गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत होत असे, आणि तिच्या नियमाप्रमाणे कोणत्याही देशास तीनपेक्षा अधिक गाड्या उतरविता येत नसत. मोटारींचे कारखाने सर्वांत जास्त फ्रान्समध्ये. त्यांस हा नियम म्हणजे बारा भावांच्या घरी तीन पाट मांडल्यासारखा वाटे. 1905 साली ही शर्यत क्लेरमाँजवळच्या डोंगरी वाटांवर, म्हणजे मिशेलिनच्या अंगणातच झाली. तीत बिबेंडमचे बारसे करणारा तोच तेरी जिंकला, आणि जिंकूनही फ्रेंचांनी त्या चषकास रामराम ठोकला. फ्रान्सच्या ऑटोमोबाईल क्लबाने जाहीर केले की पुढील वर्षी आपण आपली स्वतंत्र शर्यत भरवू, तीत कारखान्याकारखान्यांची लढत होईल, देशाची गणती होणार नाही, आणि बक्षीस 45,000 फ्रँक असेल. त्या काळच्या भावाने हे जवळजवळ तेरा किलो सोने होते.

जागा ठरली ल माँ शहराबाहेरची. त्रिकोणी वाट, एका फेरीस 103 किलोमीटर; रोज सहा फेऱ्या, असे दोन दिवस, 26 व 27 जून 1906; एकूण 1,238 किलोमीटर. एका गावास वळसा घालण्यासाठी फळ्यांचा रस्ता केला होता. धूळ बसावी म्हणून बाकीच्या रस्त्यावर डांबर ओतले, आणि येथेच आयोजकांची सदिच्छा चालकांच्या मुळावर आली. कारण ते दोन्ही दिवस उन्हाचे निघाले, डांबर वितळले, आणि चाकांनी उडविलेले त्याचे शिंतोडे चष्म्यांच्या फटींतून मागच्या चालकाच्या डोळ्यांत जाऊ लागले. रनोच्या एका चालकाचा चष्मा फुटला, तो बदलून घेण्याचीही पंचांनी परवानगी दिली नाही, आणि डोळ्यांची आग सहन न होऊन त्यास शर्यत सोडावी लागली.

पंचांच्या हुकमांतला एक हुकूम या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. शर्यत चालू असताना गाडीस चालक आणि त्याच्या शेजारी बसलेला कारागीर या दोघांवाचून तिसऱ्या कोणाचाही हात लागता कामा नये. धाव फुटली की दोघांनी खाली उतरावयाचे. फुटलेली धाव सुऱ्यांनी कापून, ओरबाडून काढावयाची. तापलेल्या कड्यावर नवी धाव लोखंडी पट्ट्यांनी रेटून बसवावयाची. आत नळी चिमटू द्यावयाची नाही. आणि मग पंप. बोटे सोलून निघत, घाम डोळ्यांत जाई, आणि या एका कामास सुमारे पंधरा मिनिटे लागत. बारा तासांच्या शर्यतीत हे किती वेळा करावे लागेल ते दैवच जाणे.

मिशेलिनने यावर शोधून काढलेला उपाय असा की धावच बदलावयाची नाही. चाकाचे कडे चाकापासून सुटे करावयाचे. त्यावर नवी धाव घरीच चढवून, हवा भरून तयार ठेवावयाची. आणि वेळ येताच आठ मळसूत्री चाक्या सैल करून जुने कडे धावेसकट ओढून काढावयाचे, नवे ढकलावयाचे, आठ चाक्या आवळावयाच्या, की झाले. या कामास चार मिनिटेही लागत नसत. पंधरा वर्षांपूर्वी चिकटलेली धाव सुटी करणाऱ्याच्या बुद्धीचेच हे पुढले पाऊल होते. तेव्हा कड्यापासून धाव सुटली होती, आता चाकापासून कडे सुटले. परंतु एक अडचण होती. नियमाने गाडीचे वजन हजार किलोंच्या आत असावयास हवे होते, आणि प्रत्येक सुट्या कड्याने सुमारे नऊ किलो वजन वाढे. ज्यांनी आपल्या गाड्या आधीच काठोकाठ वजनाच्या करून ठेविल्या होत्या, त्या पानारसारख्या मातबर कारखान्यांस ही सोय पूर्णपणे घेता आली नाही. रनो, फियाट आणि क्लेमाँ-बायार यांनी ती घेतली.

पहिल्या दिवशी सकाळी सहास सुरुवात झाली आणि बत्तीस गाड्या दीड-दीड मिनिटाच्या अंतराने सुटल्या. रनोच्या एका गाडीवर फेरेन्त्स सिस होता. हंगेरीत जन्मलेला, तेहतिशीच्या आसपासचा, लुई रनोच्या शेजारी बसून शर्यतीत कारागिरी केलेला हा मनुष्य. चालकाच्या जागी तो आला तरी हाताचा वंगणाचा वास गेलेला नव्हता, आणि या शर्यतीस नेमका तसाच माणूस हवा होता. त्याच्या गाडीचे एंजिन जवळजवळ तेरा हजार घनसेंटिमीटरचे, 90 अश्वबलाचे. पहिल्या सहा फेऱ्या त्याने 5 तास 45 मिनिटांत पुऱ्या केल्या. संध्याकाळपर्यंत सतरा गाड्या उरल्या होत्या. त्या रात्रभर पंचांच्या पहाऱ्यात बंद करून ठेविल्या, आणि आवाराबाहेर पडेपर्यंत एंजिन सुरू करण्याची मनाई असल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी या राक्षसी यंत्रांस आरंभरेषेवर ओढून आणले ते घोड्यांनी. ज्याच्या नालांचे खिळे आदल्या दिवशी धावांत रुतले, त्याच प्राण्याच्या गळ्यात ही दोरी पडावी, हा विनोद त्या दिवशी कोणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.

आदल्या दिवशी ज्यास जितका वेळ लागला, तितकेच घड्याळात वाजले असता त्याने निघावे असा सोपा नियम होता. सिस 5 वाजून 45 मिनिटांनी निघाला, आणि वेगाने पुढे न जाता थेट आपल्या ठाण्यावर जाऊन उभा राहिला! रात्री गाडीस हात लावण्याची बंदी होती. म्हणून आता त्याने आणि त्याच्या कारागिराने घाईगर्दी न करता धावा बदलल्या, इंधन भरले, आणि सुमारे बारा मिनिटे अशी उभ्या उभ्या खर्च करून मग गाडी रस्त्यावर घातली. दुसऱ्या क्रमांकाचा आल्बेर क्लेमाँ यास निघावयास 6 वाजून 11 मिनिटे व्हावयाची होती. तेव्हा ही उधळपट्टी परवडणारी होती. या संपूर्ण शर्यतीतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग हाच. आघाडीवरचा मनुष्य दिवसाच्या पहिल्याच क्षणी थांबतो, कारण थांबणे केव्हा स्वस्त पडते हे त्यास ठाऊक आहे.

शेवटी शेवटी त्याच्या गाडीची मागची कमान मोडली. पण तोवर आघाडी इतकी होती की त्यास जपून हाकता आले. बारा फेऱ्यांस त्यास एकूण 12 तास 14 मिनिटे 7 सेकंद लागले. इटलीचा फेलिचे नाझारो फियाट घेऊन बत्तीस मिनिटांनी आला, आणि त्यामागून तीन-साडेतीन मिनिटांनी क्लेमाँ. या तिन्ही गाड्यांस मिशेलिनची सुटी कडी होती. चौथी गाडी, ब्रासिये कारखान्याची, यानंतर तासाहून अधिक वेळाने पोहोचली. पंधरांतून चार वजा केले की एका धावेमागे अकरा मिनिटे उरतात. अशा तीन धावा वाचल्या की तेहतीस मिनिटे, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यातल्या अंतराहून मिनिटभर जास्तच. अर्थात नाझारोपाशीही तीच कडी होती, आणि फियाटचीच दुसरी एक गाडी पाचवी आली, तेव्हा सगळे श्रेय लोखंडाच्या एका कड्यास देऊन सिसचा हात आणि रनोचे एंजिन नाकारणे हा अन्याय होईल. मला म्हणावयाचे ते इतकेच की पहिल्या तिघांची झुंज एंजिनांची होती, आणि ते तिघे ज्या दालनात झुंजत होते त्याचे दार त्या आठ चाक्यांनी उघडले होते. अकरा गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या. बाकीच्या कोठे ना कोठे रस्त्याच्या कडेस राहिल्या.

जयजयकार रनोचा झाला. 1906 साली त्यांच्या सुमारे सोळाशे गाड्या खपल्या होत्या, त्या 1908 साली साडेचार हजारांवर गेल्या. 1907 साली दिएप येथे झालेल्या ग्राँ प्रीत फियाटवर नाझारो जिंकला. बिचारा क्लेमाँ त्याच वाटेवर सराव करताना आधीच मृत्यू पावला होता. 1908 साली मात्र एक मौजेचा प्रकार घडला. इंग्लंडात रज-व्हिटवर्थ यांनी मधल्या एकाच चाकीवर संपूर्ण चाकच काढता-घालता येईल अशी तारांची चाके केली होती, म्हणजे कड्याच्या पुढचे पाऊल टाकले होते. आणि ती लावून नेपियरची गाडी येऊ म्हणाली, तेव्हा फ्रेंच क्लबाने सुटी कडी चालतील पण सुटी चाके चालणार नाहीत असा निवाडा देऊन तिला दाराबाहेरच ठेविले. नव्याचे पुरस्कर्ते दोन वर्षांत जुन्याचे कैवारी कसे होतात, याचा हा नमुना आहे. पुढे साऱ्या जगाने सुटे चाकच स्वीकारले. मिशेलिननेही काही वर्षांनी शर्यतींचा नाद सोडून रस्त्यांचे नकाशे आणि प्रवासाच्या मार्गदर्शिका यांत अधिक लक्ष घातले. ग्राँ प्रीच्या मैदानात ते परतले 1977 साली, आणि योगायोग असा की तेव्हाही गाडी रनोचीच होती.

ज्याच्या धावेवरून हे सगळे रामायण सुरू झाले, तो जॉन बॉइड डनलॉप हा व्यवसायाने पशुवैद्य होता. 1888 साली बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीस त्याने हवेची नळी बांधली, तेव्हा गुराढोरांची नाडी पाहणे हेच त्याच्या पोटापाण्याचे साधन होते. त्याच्या नावाच्या कंपनीने पुढे हिंदुस्थानात कारखाना काढला, बैलगाडीसाठीही हवेचे टायर विकावयास आणले, आणि महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी टायरच्या बैलगाडीस लोक ‘डनलॉप’ म्हणू लागले. पशुवैद्याचे नाव अखेर बैलांच्या मागे येऊन लागले, हे ठीकच झाले.

दिघोरीच्या रस्त्यावर अशी एखादी धानाची गाडी अडली की बैल सोडून झाडाखाली बांधतात आणि चाक पंक्चरवाल्याच्या पुढ्यात आडवे पडते. तो दोन लोखंडी पट्ट्या कडेत खुपसून टायरचा काठ उचलतो, आतून नळी ओढून काढतो, हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात हळूहळू फिरवितो. एका जागी बारीक बुडबुडे निघू लागतात. तेथे ओल्या बोटाने खूण करून, पुसून, घासून, सोल्युशन लावून तो ते वाळेपर्यंत फुंकर घालीत बसतो, आणि गाडीवान बिडी पेटविण्यासाठी काडेपेटी काढतो, तेव्हा मान वर न करताच त्यास म्हणतो, “बिडी राहू दे, भाऊ, बैल सोडून आण, झालंच हे.”